फ्लॅमेंको गिटार घेताना नावाआधी नेकचा कोन पाहावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हाताने घडवलेल्या गिटारींविषयी आलेला लेख आवडीने वाचला. स्पेनमधल्या एकट्यादुकट्या कारागिराकडून थेट वाद्य मागवणारी हौशी मंडळी आता आपल्याकडेही आहेत, तेव्हा हा विषय मराठीत आला हे बरेच झाले. मात्र त्यातला फ्लॅमेंको, म्हणजे स्पेनमधल्या गाण्या-नाचाच्या एका शैलीसाठीच्या, गिटारविषयीचा परिच्छेद खटकला. क्लासिकल गिटारवर टिचक्यांचा मार झेलणारी पारदर्शक पट्टी चिकटवली आणि तारा थोड्या खाली आणल्या की झाली फ्लॅमेंको गिटार, असा त्याचा एकूण सूर आहे. आणि निवड करताना कारागिराचे नाव, लाकूड व ध्वनिचित्रफीत एवढे पाहावे, असा सल्ला आहे. या सल्ल्यावर विसंबून कोणी मोठी रक्कम आगाऊ भरली, तर त्याच्या हाती देखणे पण हाताला न जुळणारे वाद्य पडण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून हे लिहीत आहे.

आधुनिक स्पॅनिश गिटारचा साचा ज्याने पक्का केला, त्या अल्मेरियाच्या अंतोनियो दे तोरेसने (१८१७–१८९२) शिसवीच्या महाग गिटारींबरोबर सायप्रसच्या साध्या गिटारीही केल्या. सायप्रस तेव्हा जवळपास मिळणारे, स्वस्त लाकूड होते आणि कॅफेत, मेजवान्यांत साथ करणाऱ्या वादकाला तेच परवडत होते. पण गायकाच्या चढ्या आवाजातून आणि नर्तकीच्या टाचांच्या ठेक्यातून ऐकू जाण्यासाठी जो चटकन उठणारा, करकरीत आणि तितक्याच लवकर विरणारा नाद हवा असतो, तो याच हलक्या लाकडातून मिळाला, आणि गरिबीची निवड पुढे शैलीची गरज ठरली. माद्रिदमध्ये मान्युएल रामिरेसच्या कार्यशाळेत काम केलेल्या सांतोस एर्नांदेस आणि दोमिंगो एस्तेसो यांनी या वाद्याला आजचे रूप दिले. एस्तेसोच्या भाच्यांनी पुढे चालवलेल्या कोंदे बंधूंच्या गिटारी प्रसिद्ध फ्लॅमेंको वादक पाको दे लुसियाच्या हातात जगभर फिरल्या. कोर्दोबात मान्युएल रेयेस, अल्मेरियात खेरुंदिनो फर्नांदेस, आणि ग्रानादात अल्हाम्ब्राकडे चढत जाणाऱ्या कुएस्ता दे गोमेरेस या रस्त्यावरच्या कार्यशाळा, अशी ही परंपरा पसरलेली आहे. आज ग्रानादात परदेशांतून येऊन स्थायिक झालेले कारागीरही आहेत आणि त्यांचे काम स्पॅनिश कारागिरांच्या तोडीचे असते.

आता मुख्य मुद्दा. फ्लॅमेंको गिटारचे वेगळेपण ब्रिजपाशी, म्हणजे फळीवर तारा जिथे बांधतात तिथे, फूटपट्टी उभी धरली की दिसते. तिथे तारा वरच्या फळीपासून साधारण ७ ते ८ मिलिमीटर उंचीवर असतात. क्लासिकल गिटारवर हेच अंतर १० ते १२ मिलिमीटर भरते. नेकवर, म्हणजे दांड्यावर, बसवलेल्या आडव्या पट्ट्यांपैकी बाराव्या पट्टीवर, म्हणजे बाराव्या फ्रेटवर, जाड सहाव्या तारेखाली फ्लॅमेंकोत ३ मिलिमीटरच्या आत-बाहेर जागा असते, तर क्लासिकलमध्ये ४ मिलिमीटर किंवा थोडी अधिक. हा फरक उजव्या हाताचा आहे. रास्गेआदोमध्ये बोटे एकामागोमाग तारांवरून झटकली जातात, गोल्पेमध्ये त्याच ओघात अनामिकेने फळीवर टिचकी मारायची असते, आणि अंगठ्याचा आल्सापुआ तर तारेतून आरपार जाऊन उलट वर येतो. फळी दूर असेल तर हे सगळे अवघडून होते आणि लय ढिली पडते.

मग क्लासिकल गिटारची हाडाची सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारांना टेकू देणारी पट्टी, घासून काम का भागत नाही? बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी करायचा, तर सॅडल दोन मिलिमीटर उतरवावी लागते. ११ मिलिमीटरच्या ब्रिजवरून साडेसातपर्यंत यायचे, तर बाराव्या फ्रेटवर पावणेदोन मिलिमीटर गेले, म्हणजे तारा फ्रेटवर आपटू लागल्याच. ब्रिज किती उंच चालेल, हे नेकच्या कोनावर ठरते. फ्लॅमेंकोत हा कोन खालच्या ब्रिजच्या हिशेबाने मुळातच धरलेला असतो. शिवाय ब्रिज खाली असला की तारांचा फळीवरचा पीळ कमी होतो, म्हणून ती फळी मुळातच हलकी आणि पातळ काढलेली असावी लागते. नाहीतर आवाज बसतो. आणि स्पॅनिश पद्धतीच्या बांधणीत गिटारच्या बाजू नेकच्या टाचेत खाचा करून बसवतात, नेक आणि देह एकाच साच्यावर एकत्र उभे राहतात. सुटा नेक मागाहून जोडणे हा प्रकारच नसल्यामुळे हा कोन पहिल्या दिवशी ठरतो तो ठरतोच. खुंट्या, सॅडल, तारा, टिचकीची पट्टी हे सारे नंतर बदलता येते. कोन आणि फळीची जाडी बदलता येत नाही.

म्हणून कारागिराला पहिल्या पत्रात विचारायचे ते हे: ब्रिजवर तारांची उंची किती, बाराव्या फ्रेटवर पहिल्या आणि सहाव्या तारेखाली किती, आणि सॅडलचा खाचेबाहेर किती भाग शिल्लक आहे. तयार गिटार असेल तर दोन्ही ठिकाणी पोलादी फूटपट्टी उभी करून काढलेले फोटो मागावेत. हा प्रश्न कोणाही जाणत्या कारागिराला उद्धट वाटत नाही. उलट समोरचा वाजवणारा आहे, हे त्याला कळते. ज्याने ‘आमच्या गिटारी सर्व शैलींना चालतात’ एवढ्यावर उत्तर संपवले, त्याच्याकडे मी तरी पैसे पाठवणार नाही.

चित्रफितीबद्दल माझे मत जरा कडक आहे. फोनचा मायक्रोफोन मोठा आवाज दाबतो आणि लहान उचलतो, त्यामुळे वाद्याचा नेमका तोच गुण, म्हणजे जोरदार आघाताला ते कसे उत्तर देते, चित्रफितीत पुसला जातो. मागायचीच असेल तर प्रतिध्वनी न मिसळलेली मागावी, आणि तीत तीन गोष्टी असाव्यात: पूर्ण ताकदीचा रास्गेआदो, पहिल्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या वरपर्यंत जाणारा पिकादो (दोन बोटांनी आलटून पालटून छेडलेली वेगवान स्वरांची ओळ), आणि तिसऱ्या किंवा चौथ्या फ्रेटवर सेहिया लावून वाजवलेला तुकडा. सेहिया म्हणजे आपण ज्याला कॅपो म्हणतो तो, नेकवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा. साथीचा वादक गायकाच्या पट्टीप्रमाणे तो लावतो, त्यामुळे या गिटारचे अर्धे आयुष्य कॅपोखालीच जाते आणि तिथे ती बेसूर किंवा मुकी झाली तर बाकी सगळे व्यर्थ. जोराने वाजवताना तारा थोड्या करकरल्या तर दचकू नये. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी ऐकलेल्या कानाला ती करकर परकी वाटणार नाही, मात्र इथे ती फ्रेटवरून येते आणि हात हलका केला की निवळलीच पाहिजे. हलक्या हातालाही करकर राहिली तर तो दोष समजावा.

लाकडाविषयी लेखात बरेच आहे, त्यामुळे थोडक्यात. पाठीला आणि बाजूंना सायप्रस असलेली ती ‘ब्लांका’, शिसवी असलेली ती ‘नेग्रा’. नेग्राचा नाद थोडा अधिक काळ टिकतो आणि तो एकल मैफलीला मानवतो. साथ शिकणाऱ्याने ब्लांकाच घ्यावी, असे मला वाटते. नेग्रात बहुधा आपल्याच दक्षिणेकडची शिसवी असते, तेव्हा ती मागवणारा भारतातून निघालेले लाकूड स्पेनमार्गे परत आणतो, ही एक गंमत. कागदपत्रांपुरते सांगायचे तर, २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या जातींवर आलेल्या आंतरराष्ट्रीय निर्बंधांतून तयार वाद्ये २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये वगळली गेली. ब्राझीलची शिसवी मात्र १९९२ पासून सर्वांत कडक यादीत आहे, तिच्या वाटेला जाऊ नये.

नावाविषयी एवढेच की आतल्या लेबलावर जे नाव आहे, त्याच माणसाने फळी रंधली का, हे स्पष्ट विचारावे. काही ठिकाणी मालकाच्या नावाखाली मदतनिसांचे किंवा बाहेरून आणलेले कामही विकले जाते. त्यात लबाडी असतेच असे नाही, किंमत त्या हिशेबाची असावी इतकेच. एकट्याने काम करणारा कारागीर वर्षाला डझन-दीड डझन गिटारीच करू शकतो. त्याच्याकडे दर महिन्याला पाच-सहा तयार दिसत असतील तर प्रश्न विचारायला हरकत नाही.

आपल्या हवामानाचा उल्लेख लेखात आलाच नाही, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला तो सर्वांत जास्त उपयोगी पडला असता. या गिटारी साधारण ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत जोडल्या जातात. मुंबईत किंवा कोकणात जुलैत हवा ८५ टक्क्यांच्या पुढे जाते, पातळ फळी पाणी पिऊन फुगते, वर येते आणि तिच्याबरोबर तारा वर जातात. एप्रिलच्या कोरड्या पुण्यात नेमके उलटे होते, आणि तेव्हा फळी तडकण्याचा धोका असतो. यावर सोपा उपाय म्हणजे कारागिराला हाडाच्या दोन सॅडल द्यायला सांगणे, एक पावसाळ्यासाठी किंचित कमी उंचीची आणि एक उन्हाळ्यासाठी. लाखेच्या फ्रेंच पॉलिशने आवाज मोकळा राहतो हे खरे, पण घामाने ते हाताखाली चिकट होते. किनारपट्टीवर राहणाऱ्याने हाताच्या जागी कापड टाकून वाजवावे किंवा वरच्या फळीला अधिक टिकाऊ पॉलिश मागावे.

शक्य असेल त्याने मागणी नोंदवण्यापेक्षा ग्रानादाला किंवा माद्रिदला जाऊन तयार गिटार हातात घेऊन निवडावी, सोबत आपला कॅपो आणि फूटपट्टी न्यावी. जाणे शक्य नसेल तर आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी वर सांगितलेली मापे कारागिराकडून लेखी घ्यावीत, आणि गिटार पोहोचल्यावर ती मापांत बसली नाही तर परतीचा खर्च कोणी सोसायचा, हेही त्याच पत्रात ठरवून घ्यावे.

आपला,
एक वाचक, पुणे