गॅरेजच्या माळ्यावर सामान चढवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या घरविषयक पुरवणीत अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या घरांवर आलेला लेख मी इथे मिनिआपोलिसला मुलीकडे बसून वाचला. लेख मनापासून लिहिलेला होता, पण त्यातल्या एका वाक्याने मला स्वस्थ बसू दिले नाही. घरापासून सुटे गॅरेज असेल तर वर प्लायवूडच्या चार शीट टाकाव्यात, म्हणजे माळ्याची जागा फुकटात मिळते, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. मी सार्वजनिक बांधकाम विभागातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षे सातारा जिल्ह्यात शाळा, दवाखाने आणि विश्रामगृहांच्या छपरांवर गेली. आणि नेमके हे माळ्याचेच काम गेल्या उन्हाळ्यात मुलीच्या गॅरेजमध्ये झाले. ही जागा फुकट नसते, एवढे सांगायला हे पत्र.

इथल्या जुन्या वस्त्यांमध्ये घरांच्या मागून एक अरुंद गल्ली जाते आणि त्या गल्लीवर प्रत्येकाचे गॅरेज उघडते. घराला न चिकटलेले, वेगळे उभे. आतून बहुतेक वेळा काहीच केलेले नसते: भिंतींच्या उभ्या फळ्या उघड्या, वरच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे, उघड्या, खाली काँक्रीटची जमीन. मुलीला आणि जावयांना ते नीटनेटके करायचे होते. भिंतीत थंडी अडवणारा थर भरायचा, भिंतींना आणि छताला जिप्सम बोर्ड मारायचा, दिवे आणि प्लग वाढवायचे, आणि त्यातच माळाही करून घ्यायचा. बेत चांगला होता. माळ्याचे काम याच वेळी काढावे, कारण लाकूड डोळ्यांसमोर उघडे असते. एकदा बोर्ड लागला की आत काय आहे ते कळत नाही.

आपल्या लोकांची गफलत कुठे होते ते मला नीट ठाऊक आहे, कारण मीही वाड्यातच वाढले. आपल्या डोक्यातला माळा म्हणजे कडीपाटाचा माळा. सागाच्या जाड कड्या हातभर अंतरावर टाकलेल्या, त्यांवर पाट, आणि वाड्याचे माप खणांत असल्यामुळे खाली पाच-सहा फुटांवर आधार. त्यावर धान्याच्या कणग्या ठेवल्या, लोखंडी ट्रंका ठेवल्या, आम्ही पोरे नाचलो, तरी काही झाले नाही. तो विश्वास घेऊन माणूस इथल्या गॅरेजच्या छताकडे बघतो. तिथे मात्र बावीस फूट रुंदीत मध्ये एकही खांब नाही आणि खालची फळी दीड इंच बाय साडेतीन इंचांची, पाइन किंवा स्प्रूसची. एवढ्याशा लाकडावर छप्पर उभे राहते, कारण ती सुटी फळी नसते, पूर्ण कैचीचा एक अवयव असते. दातेरी लोखंडी पत्रे दाबून जोडलेल्या अशा कैच्या १९५०च्या दशकात फ्लोरिडात सुरू झाल्या. आता इथे नव्या घरांवर बहुतेक त्याच दिसतात, कारखान्यातून तयार होऊन ट्रकवरून येतात.

अशा कैचीत छपराचा आणि बर्फाचा भार वरच्या दोन तिरक्या फळ्यांवर येतो. त्या फळ्या भिंतींना बाहेर ढकलू पाहतात आणि खालची आडवी फळी त्यांना ओढून धरते. धनुष्याच्या दोरीचे जे काम, तेच या फळीचे. ती मुख्यतः ताणासाठी बनवलेली असते, वरून लादलेल्या ओझ्यासाठी नव्हे. दक्षिण मिनेसोटात जमिनीवरच्या बर्फाचा भार चौरस फुटाला ५० पौंड धरतात, यावरून हिवाळ्यात त्या दोरीवर केवढा ताण येत असेल याचा अंदाज यावा.

आता आकडे. अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या नमुना संहितेत माळ्यासाठी तीन पायऱ्या आहेत. सामान ठेवायचेच नाही असा माळा असेल तर चौरस फुटाला १० पौंड. मर्यादित सामानाचा असेल तर २०. कायमचा जिना असलेला किंवा राहण्याजोगा असेल तर ३०. आपल्या मापात १० पौंड म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४९ किलो. आपल्याकडे राहत्या खोलीच्या स्लॅबला भारतीय मानक ८७५ नुसार याच जागेवर २०० किलोंच्या आसपास भार धरतात. म्हणजे डोक्यात जो आकडा घेऊन आपण वावरतो, त्याचा चौथा भागच तिथे हाताशी आहे.

आणि मराठी घरातले सामान हलके नसते. मुलीकडे पुस्तकांची खोकी होती. एक मी न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिले, २० किलो भरले. त्याच्या बुडाची जागा दीड चौरस फूट. म्हणजे एक खोके ठेवले की तेवढ्या जागेवर चौरस फुटाला २९ पौंड, आणि त्यावर दुसरे ठेवले की ५९. संहितेतला आकडा सगळ्या माळ्यावर पसरलेल्या भाराचा आहे हे मान्य, पण खोकी कधी पसरून ठेवली जात नाहीत. ती जिन्यालगतच्या कोपऱ्यात एकावर एक चढतात. त्यात भर इथल्या मराठी मंडळाच्या सामानाची. गणपतीचे मखर, पडदे, स्पीकरचे लोखंडी स्टँड आणि शंभर माणसांच्या जेवणाची पातेली वर्षभर कुणा ना कुणा सभासदाच्या गॅरेजमध्येच पडून असतात. आमच्याकडे ती येणारच होती, मुलीने तसा शब्द दिला होता.

ठेकेदाराने पहिल्या दिवशी जी योजना मांडली, ती ऐकून मी खुर्चीवरून उठले. शिडी रुंद हवी म्हणून तो एका कैचीची खालची फळी मधोमध कापून चौकट बसवणार होता. वर सगळीकडे प्लायवूड, खाली सगळीकडे बोर्ड. ‘इथे सगळे असेच करतात, आजी,’ असे जावयांमार्फत मला सांगण्यात आले. मी जावयांना म्हटले, ‘त्यांना सांगा, फळी कापायची तर आधी अभियंत्याची सही आणा.’ हा काही माझ्या मनाचा नियम नाही. त्याच संहितेत स्पष्ट लिहिले आहे की कैचीचा कोणताही अवयव नोंदणीकृत अभियंत्याच्या मंजुरीशिवाय कापायचा नाही, खाचायचा नाही, भोक पाडायचे नाही, बदलायचा नाही. शिडीसाठी कापायची गरजही नव्हती. कैच्या दोन-दोन फुटांवर असतात, मधली मोकळी जागा साडेबावीस इंच राहते, आणि घडीच्या शिड्या नेमक्या साडेबावीस इंच रुंदीच्या चौकटीत बसतील अशा बाजारात मिळतात. ज्यांनी हे माप ठरवले, त्यांनी विचार करूनच ठरवले असणार.

बोर्डाचाही हिशेब कुणी करत नाही. पाच अष्टमांश इंच जाडीचा बोर्ड चौरस फुटाला साधारण २.२ पौंड भरतो. बावीस बाय चोवीस फुटांच्या छताला तो लावला की कैच्यांना सव्वापाचशे किलो लटकले, तेही कायमचे. काही गॅरेजच्या कैच्या खाली छत लागणारच नाही असे धरून बनवलेल्या असतात. म्हणून कारखान्याचे नकाशे मिळवावेत. बहुतेकदा कैचीवर बनवणाऱ्याची चिठ्ठी किंवा शिक्का असतो. टॉर्च घेऊन शोधला की सापडतो. आमच्याकडे चौथ्या कैचीच्या बाजूला, जाळ्यांखाली सापडला.

शेवटी एका स्थानिक अभियंत्याला बोलावले. तरुण मुलगा होता, पण कागद-पेन्सिल घेऊन बसला तेव्हा मला बरे वाटले. ठरले ते असे. पूर्ण माळा करायचा नाही, फक्त मागचा आठ फुटांचा भाग करायचा. त्या भागात कैच्यांच्या मध्ये, त्यांना न शिवता, दोन बाय आठ इंची (हे बाजारातले माप) नव्या तुळया टाकायच्या. त्यांची टोके दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, आणि मध्ये त्यांच्याखाली आडवी एक मुख्य तुळई. प्लायवूड या नव्या तुळयांवर, कैचीच्या फळीपासून वर सुटे. म्हणजे सामानाचे वजन कैचीला कळतही नाही, ती आपले छप्पर सांभाळते. भार आम्ही चौरस फुटाला ४० पौंड धरून घेतला, कारण पातेली येणार हे मला माहीत होते.

मुख्य तुळईचे एक टोक मागच्या भिंतीत आणि दुसरे दोन गाड्यांच्या मधल्या नव्या खांबावर. या खांबावर ठेकेदार पुन्हा अडला. जमीन काँक्रीटचीच आहे, त्यावर उभा करू, असे त्याचे म्हणणे. पण हिशेब करा: तुळईच्या वाट्याला अकरा फूट बाय आठ फूट, म्हणजे ८८ चौरस फूट येतात. लाकडासकट ५० पौंडांनी गुणले की ४,४०० पौंड, त्यातले अर्धे खांबावर. एक टन! आणि इथल्या सुट्या गॅरेजची जमीन पुष्कळदा जेमतेम चार इंच जाड असते. अभियंत्याने तिथे जमीन कापून दोन फूट बाय दोन फूट, फूटभर जाडीचा पाया भरायला लावला. तो भरताना मी शेजारी उभी होते, सळ्या मधोमध आहेत ना ते पाहत. सवय जात नाही.

ज्यांची गॅरेजे याहून जुनी, सुताराने जागेवर उभारलेली आहेत, त्यांनी अधिक सावध राहावे. तिथे कैच्या नसतात, वासे असतात, आणि भिंतीच्या माथ्यावर चार-चार फुटांवर आडव्या फळ्या दिसतात. डोक्याला लागतात म्हणून लोक त्या काढून टाकतात किंवा वर सरकवतात. त्या निघाल्या की दोन-तीन हिवाळ्यांत भिंती बाहेर कलतात आणि आढे खाली बसते. आता जे गॅरेज नव्याने बांधणार आहेत त्यांनी मात्र कैच्या मागवतानाच मध्ये सामानाची जागा सोडलेला प्रकार मागावा; नंतरच्या खटाटोपापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते.

माळ्यावर काय ठेवावे यावरही दोन शब्द लिहिते, कारण मुलीने आजोळची चित्रे वर न्यायला काढली होती. गॅरेज तापवलेले नसेल तर हिवाळ्यात तिथे उणे पंचवीस अंश होते आणि जुलैत दुपारी हात भाजेल असे तापते. चित्रे, फोटो, कॅसेटी, शाडूची मूर्ती, मेणबत्त्या यांना ती जागा नाही. गॅसची टाकी, पेट्रोलचा डबा, रंगाचे पातळ द्रव्य तर मुळीच नाही. पातेली, मखराचे सांगाडे, रिकाम्या सुटकेस, सायकली खुशाल ठेवा. पुस्तके शेवटी घरातच राहिली, भिंतीलगतच्या कपाटात.

शहराची परवानगी घेतली होती, निरीक्षक दोनदा येऊन गेला. खर्च पहिल्या अंदाजापेक्षा वाढला हे खरे आहे. पण त्यातला अभियंत्याच्या फीचा भाग फार थोडा होता. तेवढे पैसे वाचवण्यासाठी लोक तो टप्पा गाळतात याचे मला वाईट वाटते.

आपल्या पुरवणीचे वाचक सातारा-सांगलीत जितके, तितकेच न्यू जर्सीत आणि टेक्सासात आहेत. मुले परदेशी घर घेतात तेव्हा आईवडील पुरवणीतले लेख कापून, फोटो काढून त्यांना पाठवतात. माझ्या दोन मैत्रिणींनी तो लेख आपापल्या मुलांना पाठवलासुद्धा. म्हणून विनंती आहे की पुढच्या पुरवणीत चौकटीत छापावे: सुट्या गॅरेजच्या माळ्यावर सामान ठेवण्याआधी कैचीचा नकाशा मिळवा, भार अभियंत्याकडून तपासून घ्या, आणि कैचीची कोणतीही फळी कापू देऊ नका. लेखिकेला नकाशा किंवा हिशेबाचे कागद हवे असतील तर मी आनंदाने पाठवीन. पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शाखा अभियंता
सातारा, सध्या मुक्काम मिनिआपोलिस