शेक घेतलेल्या जबड्यात इम्प्लांट बसवण्यापूर्वी

संपादक महोदय,

आपल्या सोलापुरात सात रस्त्यापासून अशोक चौकापर्यंत दातांच्या दवाखान्यांच्या ज्या पाट्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याच पाट्यांवर अलीकडे इम्प्लांटचा उल्लेख असतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात चढवण्याची ही पद्धत स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये रुग्णावर प्रथम वापरली आणि निरोगी जबड्यात ती उत्तम चालते. माझा प्रश्न शेक, म्हणजे कर्करोगावरचे किरणोपचार (रेडिएशन), घेतलेल्या जबड्याचा आहे.

माझे थोरले बंधू, आमचे आण्णा, यंत्रमागावर काम करीत. तीस वर्षे तंबाखू-चुन्याची गोळी ज्या गालात धरली, तेथेच कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेनंतर त्यांना रेडिएशनचे ३३ शेक दिले गेले आणि रोग हटला. चार वर्षांनी त्यांनी खालच्या दाढांच्या जागी दोन इम्प्लांट बसवून घेतले. दवाखान्याच्या फॉर्मवर मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांच्यासाठी चौकटी होत्या, शेकासाठी नव्हती. डॉक्टरांनी विचारले नाही (मानेवरचा शस्त्रक्रियेचा व्रण सदऱ्याच्या कॉलरखाली झाकला जात नाही, हे येथे नोंदवतो), आणि आण्णांनीही सांगितले नाही, कारण दुखणे गालाचे होते, ते बरे होऊन चार वर्षे लोटली होती आणि त्याचा दाढेशी काही संबंध असेल असे त्यांच्या मनातही आले नव्हते. पाचव्या महिन्यात एक स्क्रू हलू लागला व तो काढावा लागला. खड्डा भरून आला नाही. पुढे तेथे तांदळाच्या कणीएवढे पिवळट हाड उघडे पडले. ते टोचत असे आणि दिवसभर आण्णांची जीभ तेथेच जात असे.

बाहेरगावच्या शल्यचिकित्सकांनी पहिल्याच भेटीत शेकाचे कागद मागितले. साडीच्या दुकानाच्या पिशवीतून ते निघाले : ३३ दिवस, रोज २ ग्रे, एकूण ६६ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप). त्यांनी जे समजावले ते माझ्या शब्दांत देतो. किरणांमुळे हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नवे हाड घडवणाऱ्या पेशी कमी होतात. इम्प्लांटची सारी भिस्त तर याच पेशींवर असते, कारण स्क्रूभोवती तीन ते सहा महिन्यांत नवे हाड धरले तरच तो पक्का होतो. खालचा जबडा घट्ट असून त्याचा रक्तपुरवठा वरच्या जबड्याइतका सढळ नसतो, म्हणून धोका तेथे जास्त. साधारण ५० ग्रेच्या पुढे तो वाढतो, ६० च्या पुढे आणखी. 'आता चार वर्षे झाली' हा दिलासाही खरा नाही, कारण हाडाची ही दुर्बलता काळाने भरून निघत नाही. त्वचेचा काळेपणा जातो, तसे हे नव्हे.

म्हणून शेक घेतलेल्यांना इम्प्लांट वर्ज्यच, असेही नाही. किंबहुना लाळ आटलेल्या तोंडात कवळी घासते, तेव्हा इम्प्लांटचा आधार मोलाचा ठरतो, आणि असे इम्प्लांट वर्षानुवर्षे टिकलेले रुग्णही आहेत. परंतु शेकानंतर किमान सहा महिने ते वर्षभर थांबणे, नेमक्या त्या जागी किती मात्रा पोचली हे पाहणे आणि कर्करोगाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवणे आवश्यक असते. रोगाच्या जागेला ६६ ग्रे मिळाले, म्हणून जबड्याच्या प्रत्येक भागाला तेवढेच मिळतात असे नाही. ज्यांच्या तोंडात आधीपासून इम्प्लांट आहे त्यांनी शेकाची आखणी होण्यापूर्वीच ते सांगावे, कारण धातूवरून विखुरलेले किरण लगतच्या हाडाला अधिक मात्रा देतात. खराब दातही शेक सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी काढून जखम भरू द्यायची असते. नंतर दात उपटणे हेही जोखमीचे आहे.

तंबाखू, मावा आणि मिश्री यांनी पोखरलेल्या आपल्या जिल्ह्यात असे जबडे थोडे नाहीत. तेव्हा शेक देणाऱ्या रुग्णालयांनी घरी सोडतानाच्या कार्डावर जबड्याला मिळालेली मात्रा आणि 'विचारल्याशिवाय दात काढू नये, इम्प्लांट बसवू नये' ही ओळ मराठीत छापावी, आणि दंतवैद्यांनी आपल्या फॉर्मवर एक चौकट वाढवावी, अशी विनंती आहे. आण्णांच्या कार्डामागे ती ओळ मी सध्या पेनाने लिहून दिली आहे.

आपला,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर