सुई

प्रिय बंड्या,

सात महिने पत्र नाही, शिव्या पोचल्या. बाबा घरी आलेत, पायाची जखम भरतेय. आमचं ठीक.

अकरा रात्री वॉर्डात काढल्या. डॉक्टर पाच मिनिटं येतात. बाकी सगळं वॉर्डातल्या कामगार मामा-मावशींवर. ऑक्सिजनचा काळा सिलिंडर तिरका करून बुडाच्या कडेवर गरागरा फिरवत नेणारे मामा बघायला हवे होतेस. तुला सायकलसुद्धा सरळ नेता यायची नाही. (माझा पंप अजून तुझ्याकडेच आहे.)

नवव्या रात्री बाबांना इन्शुलिन दिलं. पेनाची सुई कागदात गुंडाळली आणि दोन खाटांमधल्या पिवळ्या पिशवीत टाकली. सुयांचा पांढरा डबा दहा पावलांवर होता रे. झोप येत होती, दुसरं काही नाही.

पहाटे मावशी पिशवीला गाठ मारत होत्या. “आई गं” एवढंच ऐकलं. पातळ हातमोज्याच्या आत, अंगठ्यापाशी रक्ताचा ठिपका. नळाखाली साबणानं हात धुतला आणि परत पिशवी उचलायला निघाल्या! वर सिस्टरला विनवण्या, मुकादमाला सांगू नका, कंत्राटावर आहे, खाडा लावेल.

सिस्टरनं वॉर्डभर विचारलं, सुई कुणाची? इन्शुलिनवाले पाच जण. मी बाबांची चादर नीट करत बसलो.

सुई कुणाची ते कळेना, म्हणून डॉक्टरांनी मावशींना एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्या, 28 दिवस. तिसऱ्या दिवशी त्या जिन्यात बसलेल्या दिसल्या. मळमळतंय म्हणाल्या, आणि मलाच विचारलं, “बाबांनी पेज घेतली का?”

तुझ्या आक्कांना अशीच सुई टोचली होती, तेव्हा मेसमध्ये मी “त्यात काय एवढं” म्हणालो होतो. तू माझ्या ताटात आमटीचं पातेलं उपडं केलंस, महिनाभर बोलला नाहीस. मी आजवर सगळ्यांना सांगत आलो, बंड्या तापट आहे.

घरी आल्यावर बाबांचं रक्त बाहेर तपासून घेतलं. एचआयव्ही नाही, काविळीचं बी-सी काही नाही. हे मी त्याच पहाटे बोललो असतो तर तिथल्या तिथे तपासणी झाली असती. रिपोर्ट तीन दिवस खिशात आहे. मावशींना सांगायचं तर आधी, सुई माझी होती, हे सांगावं लागणार.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. पिल्लाला दात आले का?

मावशींची पाळी सातला सुरू होते. सहाचा गजर लावलाय. आक्का असत्या तर आधी त्यांच्याकडे गेलो असतो, मार खाऊन.

तुझाच,
पक्या