जुन्या माफियांची ‘तत्त्वं’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत सिसिलीतल्या जुन्या माफिया घराण्यांवरचा लेख वाचला. पूर्वीचे डॉन बायका-मुलांना हात लावत नसत, गोरगरिबांच्या अडीनडीला धावत, पुढच्या पिढीने सगळं नासवलं, असा लेखाचा सूर आहे. राहवलं नाही म्हणून लिहितो आहे.

सिसिलीतल्या पालेर्मो शहराभोवतीच्या लिंबाच्या बागांत एकोणिसाव्या शतकात हा धंदा फोफावला. राखणदार आमचाच ठेवा, नाही ठेवला तर रातोरात बाग साफ. संरक्षण म्हणायचं ते याला! १९४८ साली सिसिलीतल्याच कोर्लेओने गावात माफियाने प्लाचिदो रिझोत्तो या शेतकरी चळवळीतल्या पुढाऱ्याला पळवून नेऊन मारलं. पडीक जमीन भूमिहीनांना मिळावी म्हणून तो झगडत होता. खून पाहिला तेरा वर्षांच्या एका धनगर पोराने, जुझेप्पे लेतित्सियाने. भेदरून, तापाने बरळणाऱ्या त्या पोराला ज्या रुग्णालयात नेलं, तिथला प्रमुख डॉक्टर मिकेले नावारा हाच गावच्या माफियाचा म्होरक्या होता. इंजेक्शन दिल्यावर पोरगं गेलं. रिझोत्तोच्या अस्थींची ओळख पटायला २०१२ साल उजाडलं. ज्या काळाचे गोडवे लेखात गायलेत, तोच हा काळ.

माझा सोलापुरात शाळेचे गणवेश शिवायचा लहानसा कारखाना आहे. शनिवारी हजेरी मांडून पगार वाटले, की गल्ल्यात काय उरतं ते मला ठाऊक आहे. त्यातून महिन्याच्या महिन्याला एका गुंडाच्या हातावर पाकीट ठेवायचं, ही कल्पनाच सहन होत नाही. म्हणून मला लिबेरो ग्रासी आठवतात. पालेर्मोत त्यांचा पायजमे आणि आतले कपडे शिवायचा कारखाना होता, शंभरेक कामगार होते. १० जानेवारी १९९१ रोजी तिथल्या वर्तमानपत्रात त्यांचं पत्र छापून आलं. मायना होता ‘प्रिय खंडणीखोर’. फोन करायचे कष्ट घेऊ नका, बॉम्ब आणि गोळ्यांवर खर्च करू नका, मी पैसे देणार नाही, पोलिसांकडे गेलो आहे, असं त्यांनी सरळ लिहिलं. बरोबरीच्या कारखानदारांनीच त्यांना एकटं पाडलं. २९ ऑगस्टच्या सकाळी, घरापासून जवळच, त्यांना गोळ्या घातल्या. वय ६७.

त्या जागी संगमरवरी पाटी नको, असं घरच्यांनी ठरवलं. दरवर्षी त्या दिवशी भिंतीवर हाताने लिहिलेला कागद चिकटवतात आणि खाली फरशीवर लाल रंग टाकतात. कागदावर माफियाबरोबर दोष दिलाय तो गप्प बसलेल्या उद्योजकांच्या संघटनेला, राजकीय पक्षांना आणि जागेवर नसलेल्या सरकारला.

लेखासोबत डॉनचा फोटो अर्धं पान भरून होता. पुढच्या रविवारी तेवढ्याच जागेत ग्रासींचं ते पत्र मराठीत छापावं, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर