‘खचू नका’ म्हणण्याआधी ऑफसेट द्यायला शिकवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वाहन कंपन्यांकडून मागणीचे शेड्युल कमी आले की नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत पहिला घाव ओव्हरटाइमवर पडतो. मग तिसरी शिफ्ट जाते, कंत्राटी मुलांना ‘उद्यापासून येऊ नका’ सांगितले जाते आणि शेवटी नोटीस बोर्डावर ब्लॉक क्लोजरचा, म्हणजे कारखाना काही दिवस बंद ठेवण्याचा, कागद लागतो. २०१९ मध्ये वाहन उद्योग मंदावला तेव्हा नाशिकने हे पाहिले, पुढच्याच वर्षी लॉकडाउनमध्ये आणखी वाईट पाहिले. आणि नेमके त्याच दिवसांत पुरवण्यांमधून आणि मोबाइलवरून ‘सकारात्मक राहा’चा भडिमार सुरू होतो. ओव्हरटाइमच्या भरवशावर घराचा हप्ता बेतलेल्या माणसाने या वाक्याचे करायचे काय? आठवड्याभरात पुरे होईल असे काम हातात असले, तर त्याला खरा धीर येतो. अशा कामांविषयीच हे पत्र.

बहुतेक कारखान्यांत भिंतीवर स्किल मॅट्रिक्सचा तक्ता असतो. डावीकडे कामगारांची नावे, वर मशीन, मधल्या चौकटीत चार भागांचे वर्तुळ. एक भाग रंगवलेला असेल तर माणूस शिकतोय, दोन असतील तर देखरेखीखाली चालवतो, तीन असतील तर एकटा चालवतो, चारही असतील तर दुसऱ्याला शिकवू शकतो. ऑडिटच्या आदल्या रात्री हा तक्ता रंगवायचा आणि वर्षभर विसरायचा, ही आपल्याकडची रीत. मंदीत मात्र प्रत्येकाने आपली ओळ जाऊन वाचावी. आडव्या ओळीत एकच वर्तुळ भरलेले असेल, तर ते मशीन थांबले की तुम्हीही थांबलात.

सीएनसी लेथवर (संगणकाच्या आज्ञेने चालणाऱ्या लेथवर) नुसता जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, चढवणारा-उतरवणारा आणि स्वतः ऑफसेट देणारा, म्हणजे माप चुकले की टूलची जागा आकड्याने सुधारणारा, यांच्यात अंतर फार नाही. रोजचा अर्धा तास, आठ-दहा दिवस. शाफ्टचा व्यास २५.०० मिलिमीटर हवा आहे आणि मायक्रोमीटर २५.०४ दाखवतो आहे, असे धरा. कंट्रोलच्या पडद्यावर वेअरच्या, म्हणजे टूलच्या झिजेच्या दुरुस्तीच्या, पानावर त्या टूलच्या एक्समध्ये (व्यासाच्या दिशेच्या आकड्यात) ०.०४ वजा करायचे. एक्सचा आकडा सहसा व्यासातच धरलेला असतो, त्यामुळे तो निम्मा करायचा नाही. इथपर्यंत सगळ्यांना जमते, घोळ होतो तो बटणावर. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर ‘प्लस इनपुट’ दाबले तर आकडा आधीच्या आकड्यात मिळवला जातो. नुसते ‘इनपुट’ दाबले तर आधीचा पुसून नवा बसतो. तिथे आधीच वजा ०.१२ असेल आणि नुसत्या इनपुटने वजा ०.०४ बसवले, तर हिशेब ०.०८ ने उलटा फिरतो आणि पुढचा जॉब २५.१२ निघतो. नवा माणूस घाबरतो, त्याला वाटते मशीन बिघडले, आणि तो पुन्हा त्या पानाला हात लावत नाही. म्हणून शिकवणाऱ्याने ही चूक पहिल्याच दिवशी मुद्दाम करून दाखवावी. दुसरी नेहमीची चूक ०.०४ च्या जागी ०.४ टाकण्याची. त्यात जॉब गेलाच.

बाहेरचा व्यास मोठा राहिला तर पुन्हा कट घेता येतो, लहान झाला की थेट स्क्रॅपच्या ट्रेमध्ये. बोअरचे, म्हणजे आतल्या भोकाचे, याच्या बरोबर उलट. म्हणून शिकाऊ माणसाने बाहेरचा व्यास पहिल्या कटला थोडा मोठाच ठेवावा. सराव भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर, सिंगल ब्लॉक (एका वेळी एकच आज्ञा) चालू, रॅपिड (टूलची मोकळी धाव) २५ टक्क्यांवर आणि एक बोट फीड होल्डवर, म्हणजे टूल थांबवण्याच्या बटणावर. मशीन रिकामे उभे असते तेव्हाच हे शक्य आहे. शेड्युल भरून आल्यावर कोणताही सुपरवायझर चालू मशीन सरावाला देणार नाही.

अडचण वेगळीच आहे. सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा जाणता कामगार, शिकवत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण मंदीत आपली विद्या दुसऱ्याला दिली की आपणच स्वस्त होतो, ही भीती अगदी खोटी नाही. यावर भाषणाचा उपाय चालत नाही, कागदाचा चालतो. जो दोन जणांना तयार करेल त्याचे शिकवणे वार्षिक मूल्यमापनात मोजले जाईल, हे व्यवस्थापनाने आधी लिहून द्यावे. कामगारांची दुसरी तक्रारही खरी आहे: ज्याला चार मशीन येतात त्याला चारही ठिकाणी पळवले जाते आणि पगार मात्र एकाच मशीनचा. ‘परिस्थितीशी जुळवून घ्या’ असे कामगाराला सांगणाऱ्या कारखान्याने निदान कौशल्य भत्त्याचा आकडा तरी जाहीर करावा.

सुपरवायझरांसाठी एकच सांगणे आहे. सोमवारी शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटे उभे राहून किती दिवसांचे शेड्युल हातात आहे, कोणती लाइन कधी बंद राहील, हे सांगून टाका. माहीत नसेल तर ‘गुरुवारी सांगतो’ म्हणा आणि गुरुवारी खरेच सांगा. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर बातमी आधी पोचली, तर त्या आठवड्यात रिजेक्शन वाढलेच म्हणून समजा.

नाशिकची एक जमेची बाजू आपण विसरतो. इथे वाहनांच्या सुट्या भागांबरोबरच स्विचगिअर (वीज जोडणारी-तोडणारी उपकरणे) आणि इलेक्ट्रिकल पॅनेलचेही काम आहे. वाहनांचे शेड्युल पडले म्हणजे यांचेही पडेल असे नाही. पत्र्याचे भाग काढणाऱ्या प्रेसवर काम केलेल्या माणसाला तिथे नव्याने शिकायचे ते थोडेच: वायरच्या आकाराला योग्य लग (टोकाला बसणारा धातूचा तुकडा) निवडणे, क्रिम्पिंग (तो दाबून घट्ट बसवणे), फेरूल नंबर (वायर ओळखण्याचे क्रमांक) घालणे, टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजणाऱ्या पान्याने, टर्मिनल आवळणे. क्रिम्प सैल राहिला तर तो सांधा तापतो आणि जळतो. म्हणून प्रत्येक वायर हाताने ओढून पाहण्याची सवय आधी लावावी. सातपूरच्या आयटीआयमध्ये कोणते छोटे अभ्यासक्रम चालू आहेत, हे काम सुटण्याआधीच विचारून ठेवलेले बरे.

आता कागदपत्रे. इथे सगळ्यात जास्त नुकसान होते. ‘स्वखुशीने राजीनामा देतो’ अशा कागदावर घाईत सही करू नका. कामगार कपातीची भरपाई सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार अशी मिळते. राजीनामा दिला की त्या हक्कावर पाणी. ईएसआय (कामगार राज्य विमा) असलेल्यांसाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. तिच्यात आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवस, सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम मिळते, पण नोकरी स्वेच्छेने सोडलेली नसावी. ही योजना मुदतीची आहे आणि मुदत वेळोवेळी वाढवली गेली आहे, तेव्हा अर्जाआधी ईएसआयच्या शाखा कार्यालयात चालू स्थिती विचारावी.

ब्लॉक क्लोजरचे दिवस कशात धरले, हे पगाराच्या स्लिपवर पाहा: शिल्लक रजेतून कापले, पुढच्या रविवारी भरून घेणार, की ले-ऑफ, म्हणजे काम नसल्याने तात्पुरते बसवणे, दाखवला. ५० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात एक वर्षाची सलग सेवा झालेल्या कामगाराला ले-ऑफमध्ये मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई आहे. मात्र दिवसातून एकदा, ठरवून दिलेल्या वेळी हजेरी लावावी लागते. ‘काम नाही तर जायचे कशाला’ म्हणून गावी निघून जाणारे इथेच फसतात. बदली आणि नैमित्तिक (कॅज्युअल) कामगारांना हा नियम लागू नाही.

पीएफचा युएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक) चालू आहे का, आधारवरचे नाव आणि जन्मतारीख जुळते का, हे नोकरीत असतानाच तपासा. नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही म्हणून दावे अडकतात. आणि पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. आठ-नऊ वर्षे झालेल्याने पेन्शनचा पैसा काढून खाते रिकामे करण्याआधी दहादा विचार करावा, नवी नोकरी लागली की खाते तिकडे वळवावे.

हप्त्याचे म्हणाल तर बँकेत पहिला हप्ता चुकण्याआधी जावे. थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की खाते बुडीतात धरले जाते आणि मग शाखेतला ओळखीचा माणूसही काही करू शकत नाही. मुदत वाढवून हप्ता कमी करून घेता येतो, व्याज मात्र वाढते. २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबवता आले होते, व्याज थांबले नव्हते. तो फरक अनेकांना नंतर कळला.

आपणास विनंती एवढीच की मंदी आहे तोवर पुरवणीतल्या प्रेरणादायी लेखाच्या शेजारी आठवड्यातून एकदा एक छोटी चौकट द्यावी: ईएसआय योजनेची चालू मुदत, आयटीआयमधील प्रवेशाच्या तारखा, आणि कोणत्या वसाहतीत कोणत्या ट्रेडची भरती आहे. सातपूर, अंबड, सिन्नर आणि गोंदे येथील कामगार ती कापून लॉकरच्या दाराला चिकटवतील.

आपले,
अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतील काही सुपरवायझर व प्रशिक्षक, नाशिक