आण्णा, लाईटसाठी गाडी का थांबली ते सांगतो

लेस्टर, इंग्लंड

तीर्थरूप आण्णा आणि आईस साष्टांग नमस्कार.

आम्ही दोघं खुशाल आहोत. सुषमाची या आठवड्यात हॉस्पिटलात रात्रपाळी आहे, तिचं पत्र वेगळं येईल. फराळाचा डबा पोचला. चकल्या थोड्या मोडल्या होत्या, पण चुरासुद्धा आम्ही सोडला नाही.

आण्णा, फोनवर तुम्ही विचारलंत की एका टेललाईटसाठी माझा अख्खा ट्रक यार्डात उभा राहतो आणि मालक गप्प कसा बसतो. तेवढ्यात आईनं "पगार कापला काय रं?" म्हणून धरलं आणि बोलणं राहून गेलं. आई, पगार कापला नाही. कुणी एका शब्दानं बोललं नाही. नीट सांगतो.

इथं गाडी चालू करण्याआधीच काम सुरू होतं. हजेरी लागली की गाडीला फेरी मारायची. टायर, नट, हवा हे तुम्हाला काय सांगायचं! दिव्यांचं मात्र सांगतो. किल्ली फिरवून सगळे दिवे आणि चारी इंडिकेटर लावायचे आणि घोड्यापासून, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या इंजिनाच्या गाडीपासून, ट्रेलरच्या शेपटापर्यंत चालत जायचं. पुढं पांढरे, कडेनं नारिंगी, मागं लाल, नंबरप्लेटचा दिवासुद्धा बघायचा. तुमच्या दहाचाकीला क्लीनर मागं उभा राहून "लागला, लागला" ओरडायचा. इथं क्लीनर नसतो. मग सीट आणि ब्रेकच्या पेडलमध्ये काठी अडकवायची आणि स्वतः मागं जाऊन ब्रेकलाईट बघायची. काही नव्या गाड्यांत किल्लीवरचं बटण दाबलं की दिवे आपोआप एकामागून एक लागतात.

खरी नवलाची गोष्ट पुढंच आहे. काहीच बिघाड सापडला नाही, तरी "बिघाड नाही" असं रोज लिहून द्यायचं. मला सुरुवातीला कळेना, नाही त्याचं काय लिहायचं? पण लिहिलं नाही तर बघितलंच नाही असं धरतात. बिघाड निघाला तर तो कुणी, कधी, कसा दुरुस्त केला ते त्याच कागदावर चढतं आणि कंपनीनं तो कागद 15 महिने जपून ठेवायचा. फेरीचा वेळ टॅकोग्राफवर, म्हणजे गाडीतल्या वेळ नोंदणाऱ्या यंत्रावर, कामाचा वेळ म्हणून नोंदतात, म्हणून घाई कुणी करत नाही. रस्त्यात डीव्हीएसएवाल्यांनी, म्हणजे इथल्या सरकारी तपासणीवाल्यांनी, अडवलं आणि दिवा बंद निघाला तर ड्रायव्हरला दंड होऊ शकतो. कंपनीच्या परवान्यालाही ते महागात पडू शकतं. तेव्हा मालक गप्प बसतो त्याला कारण आहे.

त्या पहाटे ट्रेलरची डावी टेललाईट बंद दिसली. डावीकडचे नारिंगी दिवेही गेले होते. तुमचं वाक्य आठवलं, एक दिवा गेला तर बल्ब बघ, बाजू गेली तर वायर बघ. तसंच निघालं. घोड्याकडून ट्रेलरला जी केबल जाते तिच्या प्लगात डाव्या आणि उजव्या दिव्यांच्या पिना वेगळ्या असतात. इथं थंडीत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. ते खारट पाणी उडून प्लगात जातं आणि पिना हिरव्या पडतात. मी लिहून दिलं, मेकॅनिक आला, प्लग बदलला, पुन्हा फेरी मारली आणि निघालो. माल थोडा उशिरा पोचला, एवढंच.

आई, अंधारात गाडी चालवतो म्हणून तुझा जीव खालीवर होतो. आता दुपारी चारलाच अंधार पडतो हे खरं, पण रस्ते रुंद आहेत आणि साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबणं सक्तीचं आहे. झोप पुरते. जेवतो. सुषमा डबा देते. उगाच काळजी करू नकोस.

काळजी मला विनूची आहे. हंगाम सुरू झाला. रात्री पलूसकडून कारखान्याला जाताना ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, उसाची वाडी, म्हणजे शेंड्याची पानं, मागं लोंबतात आणि रिफ्लेक्टर असला तरी झाकतात. मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते तोवर तो तिच्याखाली असतो. आपल्या गावानं अशी पोरं गमावलीत. आण्णा, दोन्ही ट्रॉल्यांना मागं एलईडी दिवे आणि लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर बसवून घ्या. वायर ट्रॉलीच्या लोखंडी सांगाड्याला क्लिपा मारून न्या, लोंबती ठेवू नका. ऊस भरल्यावर मागची वाडी कोयत्यानं छाटायला सांगा आणि फडातून निघताना कुणीतरी मागं उभं राहून दिवे बघितल्याशिवाय ट्रॅक्टर हलू देऊ नका. विनू म्हणेल, दादाला तिकडं बसून सांगायला काय जातंय. म्हणू द्या. ऊसतोड, वाहतूक, तुमचं दवाखान्याचं, सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर पडलंय ते मला कळतं. पण एवढं माझं ऐका.

40,000 रुपये आईच्या खात्यावर टाकलेत. त्यातले आधी दिव्यांना लावा, उरलेले माधवीच्या कार्याला. आईनं पाटल्या मोडायचं काढलंय असं माधवीच बोलली. मोडायच्या नाहीत. सोसायटीचं कर्जही नको, मार्चच्या आत मी आणखी पाठवतो. मुहूर्त माघात धरलात तर मी एकटा तरी नक्की येतो. सुषमाच्या रजेचं आत्ताच सांगता येत नाही, ते तिच्या मनाला फार लागलंय, तिच्याशी फोनवर तो विषय काढू नका. साखरपुड्याला मात्र मला येणं जमत नाही, आण्णा. माझ्या जागी विनूला उभं करा.

आणि विट्याच्या स्थळाला होकार कळवण्याआधी माधवीला एकटीला बसवून विचारा. चारचौघांत ती हो म्हणेल.

तुमचा,
सुनील