‘विषारी मासा’ म्हणजे नेमका कोण?

मा. संपादक यांस,

गणेश विसर्जनाच्या सुमारास चौपाट्यांवरच्या ‘विषारी माशांच्या दंशा’च्या बातम्या येतात. त्यांत पाकट आणि ब्लूबॉटल यांची सर्रास सरमिसळ होते. दोघांच्या शरीराची घडणच निराळी, म्हणून जखम आणि उपचारही निराळे.

पाकट हा खरा मासा. त्याला कणा, मेंदू, कल्ले आहेत. सांगाडा मात्र शार्कसारखा कूर्चेचा. चपटे अंग वाळूत पुरून तो उथळ पाण्यात पडून राहतो. पाय पडला की शेपटी उसळते आणि तिच्यावरचा करवतीसारखा काटा घोट्यात किंवा पावलात घुसतो. रक्त येते, काट्याचे तुकडे आत राहू शकतात. 2013 मध्ये गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या वेळी अनेक भाविक असेच जखमी झाले होते. पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालावे. चाहूल लागताच पाकट निघून जातो.

ब्लूबॉटल मासा नाही, आणि खरे तर एकटा प्राणीही नाही. हायड्रा, प्रवाळ, जेलीफिश यांच्या प्राणिसंघातली, एकमेकांना जोडलेल्या अनेक लहान जीवांची ती वसाहत आहे. एक घटक वायूने भरलेला निळा फुगा होतो. बाकीच्यांपैकी काही भक्ष्य पकडतात, काही पचवतात, काही प्रजननापुरते. यांतला एकही सुटा जगू शकत नाही. पोहता येत नसल्याने मोसमी वारा नेईल तिकडे ही वसाहत जाते, म्हणून पावसाळ्यात किनाऱ्याला लागते. तिच्या धाग्यांवरच्या दंशपेशींत गुंडाळलेली सूक्ष्म नळी असते. स्पर्श होताच ती सुटते. त्यासाठी मेंदूची आज्ञा लागत नाही. त्यामुळे वाळूवर मरून पडलेली ब्लूबॉटलही डसते. मुले तो निळा फुगा हमखास उचलतात, हे फार काळजीचे आहे. कातडीवर दोरीच्या वळासारख्या लाल रेघा उठतात, रक्त येत नाही.

अशा वेळी वाळूने चोळू नये. चोळल्याने उरलेल्या दंशपेशीही फुटतात. धागे चिमट्याने काढून जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी, मग सोसवेल इतक्या, सुमारे 45 अंशांच्या गरम पाण्यात 20 मिनिटे ठेवावी. पाकटाच्या दंशालाही गरम पाणी उपयोगी, कारण त्याचे विष प्रथिनयुक्त असून उष्णतेने निकामी होते; पण तिथे डॉक्टरकडे जाऊन जखम साफ करणे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन टाळू नये. छातीत किंवा पोटात रुतलेला काटा घरी ओढून काढू नये. दम लागला, छातीत दुखले तर दंश कोणाचाही असो, थेट रुग्णालय गाठावे.

विसर्जनाआधी आपण भरती-ओहोटीच्या वेळा छापता. त्याच चौकटीत दोघांची चित्रे आणि एवढे उपचार द्यावेत, ही विनंती.

– प्राणिशास्त्राचे एक शिक्षक, मुंबई